स्टीलच्या कुप्पीची कातडी गवसणी दर पावसाळ्यात काळी पडते, बुरसते : ओल कुठून येते आणि काय करायचं

एकाच कुप्पीला मी चार पावसाळ्यांत चार गवसण्या घातल्या. लिटरभर पाण्याची, फौजी बाटलीसारखी चपटी स्टीलची कुप्पी. वर अडीच मिलिमीटर जाडीच्या कातड्याची, हाताने शिवलेली गवसणी. मार्गशीर्षात दिली तेव्हा रंग मधासारखा होता. श्रावणात परत आली तेव्हा पोटाखाली शाई सांडल्यासारखे डाग पडले होते, खांद्यापाशी शिवण तोंड वासून बसली होती आणि नाकाशी धरली की बंद कपाटाचा वास येत होता. गडकिल्ले फिरणाऱ्या मित्राची होती, म्हणून हक्काने परत आली. अनोळखी माणसाने गपचूप माळ्यावर टाकून दिली असती.

पहिल्या वेळी मी ठरवूनच टाकलं की पावसाचं पाणी बाहेरून आत मुरलं. दुसरी गवसणी आतून-बाहेरून मेण पाजून केली. ती पहिलीपेक्षा लवकर बुरसली. तिसऱ्या वेळी शिवणीच्या आत सोल्युशन लावून फट बंद केली आणि गळ्यापाशी गवसणी अगदी घट्ट बसवली. दोन महिन्यांत तीच गत. शेवटी उसवण्याऐवजी ती मधोमध कापली आणि उलटी करून उजेडात धरली. बाहेरून चार डाग दिसत होते, आतून बाटलीचा तळ जिथे टेकतो तो सगळा भाग काळा होता. गळ्याकडचं कातडं मात्र जवळपास स्वच्छ. पाणी वरून आलं असतं तर गळा आधी काळा पडायला हवा होता.

ओल आतच तयार होत होती.

फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच इथे होतं. हवेत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, म्हणजे मुंबई-ठाण्याचा नेहमीचा जुलै, तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. कुप्पीतलं पाणी त्याहून गार असेल तर स्टीलवर दव धरणारच. माठातलं पाणी पावसाळ्यात फारसं गार होत नाही, त्यामुळे ते भरलं तर घाम जवळजवळ सुटत नाही. फ्रिजचं पाणी मात्र आठ-दहा अंशांचं असतं. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणीही चांगलंच गार असतं. ते भरून घाटमाथ्यावरून खाली उतरलात, लोकलच्या दमट गर्दीत शिरलात, की कुप्पी गवसणीच्या आत घामाघूम होते आणि वरून काहीच कळत नाही. मेण पाजलेल्या, चिकटवून बंद केलेल्या गवसणीत ते पाणी तळाशी जाऊन बसतं. मी दर वेळी जे दार लावत होतो, तेच पाण्याला बाहेर पडायचं एकमेव दार होतं.

याची खात्री घरीच करता येते. गवसणी काढून कुप्पीत फ्रिजचं पाणी भरा, वर्तमानपत्राचा कोरडा कागद तिच्याभोवती गुंडाळा आणि तासाभराने उलगडा. कागद ओला झाला तर तुमच्या गवसणीचंही रोज हेच होतंय. गवसणी निघतच नसेल तर किचनच्या काट्यावर आख्खी रिकामी कुप्पी आठवडाभर रोज तोला. वापर बंद ठेवूनही वजन हळूहळू उतरत असेल तर आत ओल आहे.

आता काळ्या रंगाचं. वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे झाडांतलं तुरट द्रव्य, असतं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावतात, कोल्हापुरी चपलांचं कातडं असंच असतं. टॅनिनला लोखंड भेटलं आणि जोडीला ओल असली की काळा-निळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी लिहायची शाई करत, तीच ही शाई. म्हणजे डाग ‘शाई सांडल्यासारखा’ म्हणतो तो खरोखर शाईचाच असतो. चोळून जात नाही, कारण तो कातड्यावर बसलेला नसून कातड्यातच तयार झालेला असतो.

स्टीलला गंज चढत नाही ना, मग लोखंड आलं कुठून? स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो त्याला राखतो. त्या थराला टिकून राहायला हवा लागते. ओलं कातडं अंगाला घट्ट चिकटून बसलं की तिथे हवा पोचत नाही. त्यात कमावलेलं कातडं मुळातच थोडं आंबट. हलक्या प्रतीचं स्टील असेल किंवा तळाच्या जोडावर घासकामाची पूड राहिली असेल तर तिथूनच सुरुवात होते. माझ्या कुप्पीवर तळाच्या जोडाची रेघ गवसणीच्या आतल्या बाजूला ठशासारखी उमटली होती.

डाग नेमका कुठे आहे यावरून बरंच ओळखता येतं. तळाशी आणि पोटाखाली पसरट डाग असेल तर कारण दव. गळ्याभोवती कडं असेल तर पिताना पाणी ओघळतंय, किंवा झाकणाच्या साखळीची कडी लोखंडी आहे. बक्कल, रिबिट, पट्ट्याची कडी यांच्याभोवती वर्तुळ असेल तर दोष त्या सामानाचा. पितळी म्हणून विकलेलं बरंचसं सामान आतून लोखंडी असतं, वर नुसता मुलामा. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर ते सामान कातड्यावर लावू नका, दुकानदार काहीही म्हणो.

मिरीपूड भुरभुरवल्यासारखे बारीक ठिपके ही मात्र वेगळीच भानगड आहे, आणि ती कारागिराची स्वतःची असते. रापीला, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराला, दगडावर धार लावली की लोखंडाची बारीक पूड पात्यावर, हातावर, पाटावर राहते. ओलं कातडं त्याच पाटावर ठेवलं की रातोरात ठिपके उमटतात. मी धार लावायची जागाच बदलली. आता ती खिडकीत, आणि ओलं काम आतल्या खोलीत. हात साबणाने धुतल्याशिवाय ओल्या कातड्याला लावत नाही. कातडं फळीवर ताणून ठोकायला साधे खिळे वापरले तर कडेने काळ्या ठिपक्यांची माळ उमटते. पितळी खिळे घ्या, नाहीतर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. कागदाचे काळे चिमटे वापरायचेच असतील तर त्यांच्याखाली कातड्याचा तुकडा द्या. आणि कातडं एकसारखं करडं पडत असेल तर भिजवायच्या पाण्याकडे बघा. बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असतं. एक फालतू तुकडा रात्रभर त्या पाण्यात ठेवून सकाळी रंग बघा, पुढचा पश्चात्ताप वाचेल.

पांढरं दिसलं की सगळे बुरशीच समजतात, तीही गल्लत आहे. डिसेंबर-जानेवारीत गवसणीवर पांढुरकं आलं आणि तुम्ही खोबरेल चोळलेलं असेल तर ते बहुधा गोठलेलं तेल आहे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. विरघळून दिसेनासं झालं तर ती चरबी, तसंच राहिलं आणि भिंगातून केसाळ दिसलं तर बुरशी. कुबट वास आला तर भिंगाचीही गरज नाही.

आमच्या नाक्यावर एक चर्मकार काका बसतात. त्यांच्या वडिलांनी मोटा, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायच्या कातडी पखाली, शिवल्या. कापलेली गवसणी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती वास घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाले, “अरे, मोट दिवसभर पाण्यातच असायची. ती कुजायची कोपऱ्यात गुंडाळून ठेवली की. आमचे वडील रोज संध्याकाळी ती टांगायचे, सोंड खाली सोडून.” मग माझी चिकटवलेली शिवण दाखवून विचारलं, “ह्यातून पाणी कुठून जाणार होतं?”

चौथी गवसणी मी त्या एका प्रश्नावर बेतली.

पहिला बदल म्हणजे गवसणी निघाली पाहिजे. पुढची आणि मागची अशा दोन वाट्या असतात, त्यांची कडेची शिवण मी आता दोन्ही खांद्यांपर्यंतच नेतो. खांद्यापासून गळ्यापर्यंत शिवत नाही, भोकं पाडून चामड्याची वादी ओवतो. वादी सैल केली की कुप्पी अलगद बाहेर येते. दिसायला पूर्ण शिवलेल्या गवसणीइतकं नेटकं नाही, हे मान्य. पण जी आतून पुसता येत नाही ती गवसणी आपल्या हवेत टिकत नाही, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

दुसरा बदल तळाला. कुप्पी उभी धरली की जो भाग सगळ्यात खाली येतो तिथे, शिवणीच्या दोन बाजूंना, चार-चार मिलिमीटरची दोन भोकं आणि त्यांत पितळी आयलेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची कडी. भोकाची कड उघडी ठेवली तर ती ओल शोषून फुगते, म्हणून आयलेट. अर्थात लोहचुंबक लावूनच.

तिसरा बदल सगळ्यात कामाचा. स्टील आणि कातडं यांची थेट गाठ पडू द्यायची नाही. मध्ये लोकरीचा थर द्यायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-भारतीय फौजेच्या एनॅमलच्या पाण्याच्या बाटल्यांवर लोकरी नमद्याचं (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं) वेष्टण असायचं. ते भिजवलं की बाष्पीभवनाने पाणी गार राहत असे. आपल्याला इथे गारवा नको आहे, लोकरीचा दुसरा गुण हवा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दव कातड्यावर न बसता लोकरीत जातं, तिथून हळूहळू बाहेर. शिवाय स्टीलभोवती थोडी हवा खेळती राहते.

नमदा मिळाला तर तीन मिलिमीटरचा घ्या. मला मिळाला नाही, म्हणून जुन्या घोंगडीचा तुकडा वापरला. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि खळ हे बुरशीचं जेवण. ती घालवायला तुकडा तीन-चार वेळा कोमट पाण्यातून काढला, निथळलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. कृत्रिम फेल्ट मात्र नको. ते ओल शोषत नाही, पाणी नुसतं धाग्यांच्या मध्ये धरून ठेवतं.

इथे एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. आधी नुसत्या कुप्पीवर ओलं कातडं बसवून आकार घेतला आणि नंतर लोकर कोंबली. दोन बाजूंची मिळून पाच-सहा मिलिमीटर जाडी वाढली आणि सगळा ताण खांद्याच्या शिवणीवर आला. वर सांगितलेली ‘शिवण तोंड वासते’ ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते. आता आधी कुप्पीला लोकर गुंडाळतो, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म घट्ट ओढतो आणि मग त्यावर कातडं बसवतो. आकार घेईपर्यंत फिल्ममुळे लोकर कोरडी राहते आणि स्टीलही कातड्याला लागत नाही.

आकार घेताना कातडं बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचं, मग पिशवीत गुंडाळून रात्रभर, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. पावसाळ्यात एकच रात्र. दुसऱ्या रात्री पिशवीतच बुरशी धरते. पाणी कोमट चालेल, गरम नको. बाभूळ-हिरड्याचं ओलं कातडं ७०-८० अंशांच्या आसपास आकसून कडक होतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. वाळवायला उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायची घाई म्हणूनच अंगाशी येते. सावलीत, पंख्याखाली. हिवाळ्यात दीड-दोन दिवस पुरतात, जुलैत चार दिवस धरा. मधून मधून लाकडी उलथण्याच्या पाठीने खांदा आणि तळ दाबत राहायचं. वाळताना तेच भाग सुटतात.

बाजारातून तुकडे आणणाऱ्यांनी कातडं आधी तपासावं. कापलेली कड निळसर-करडी दिसली तर ते क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. त्याला आकार धरवत नाही, कितीही दाबा, वाळलं की सपाट. वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो झपकन मुरतो आणि जागा काळसर होते. बाभळीचं कातडं लालसर, हिरड्याचं पिवळसर. दोन्ही या कामाला उत्तम.

शिवण दोन सुयांची, कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत, टाक्यांत तेवढंच अंतर. दोन सुयांच्या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मला सुती दोऱ्याचं प्रेम होतं, ते सोडलं. दमट गवसणीत सुती दोरा आतून कुजतो आणि टाका बाहेरून शाबूत दिसत राहतो. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही.

मेण-तेल फक्त बाहेरून, पातळ. मधमाशांचं मेण एक भाग, तेल तीन भाग, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात विरघळवून. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, थेट आच द्यायची गरजच नाही. तेल म्हणून मी करंजेल वापरतो. कातड्याला ते पूर्वापार लावतात. वास कडवट आहे, आठवड्याभरात जातो. आतली बाजू कोरी ठेवायची, तिला श्वास घेऊ द्यायचा. स्पेनमध्ये बकऱ्याच्या कातड्याची ‘बोता’ असते, ती आतून डांबरासारख्या राळेने लिंपतात. तिथे ते योग्यच, कारण पाणी किंवा वाइन थेट कातड्यात भरलेली असते. आपल्या कुप्पीत पाणी स्टीलने धरलेलं आहे. कातड्याने पुन्हा ते काम करायला गेलं की घोटाळा होतो.

आता ज्यांची गवसणी आधीच काळी पडली आहे त्यांच्यासाठी. शिवण खांद्यापर्यंत उसवा, कुप्पी बाहेर काढा. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस गाळून, तेवढंच पाणी घालून, फडक्याने लावा. नुसत्या डागावर नको, तो सगळा भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत ओला करा, नाहीतर डागाच्या जागी पाण्याची कड उठते. दहा मिनिटांनी साध्या स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून सावलीत वाळवा. काळं करड्यावर येतं, करडं दुसऱ्या खेपेला बरंच फिकट होतं. जुना, वर्षभराचा डाग पूर्ण जाईल अशी आशा मी दाखवणार नाही. त्यापेक्षा सगळी गवसणी गडद तपकिरी रंगवून टाका.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगितल्या तरी करू नका. खाण्याचा सोडा लावू नका, क्षाराने असलं कातडं आणखी काळवंडतं. आणि बुरशीवर व्हिनेगर लावू नका. व्हिनेगर आणि लोखंड मिळून जे तयार होतं ते वापरून कारागीर कातडं मुद्दाम काळं करतात. तुमच्या गवसणीत लोह आधीच आहे, व्हिनेगर ते सगळीकडे नेईल. बुरशीसाठी मास्क लावून गॅलरीत कोरड्या ब्रशने झाडा, घरात नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन फडकं घट्ट पिळून पुसा, आधी एका कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. दोन-तीन दिवस पंख्याखाली राहू द्या. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहते तोवर बुरशी परत यायचा संभव असतोच, म्हणून पावसाळ्यात कुप्पी वापरात नसेल तेव्हा गवसणी काढून, वादी मोकळी सोडून, वारं लागेल अशी टांगायची. कपाटात नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही.

ज्यांची कुप्पी ॲल्युमिनियमची आहे त्यांना काळ्याऐवजी आत पांढरी पूड दिसेल. कातड्याच्या आंबटपणाने धातू झिजतोय, उपाय तोच, लोकर आणि वारा. तांब्याची बाटली सध्या घरोघरी आहे आणि तिला गवसणी शिवून मागणारे बरेच येतात. तिथे कातड्यातल्या तेलाशी तांब्याची गाठ पडते आणि हिरवं, मेणचट जंगाल धरतं. तांब्याच्या बाटलीला मी आता तेल-मेण बाहेरूनही अगदी नावापुरतंच लावतो आणि लोकरीशिवाय काम घेत नाही. काचेच्या बाटलीला काळेपणाचा त्रास नाही, पण घाम तिलाही सुटतो, म्हणून भोकं हवीतच.

चौथी गवसणी घातलेली कुप्पी पूर्ण पावसाळा वापरून मित्राने भाद्रपदात दाखवायला आणली. वादी सोडली. लोकर दमट होती, तिच्या खालचा स्टीलचा तळ चकचकीत, आणि कातडं आतून कोरडं, फिक्या बदामी रंगाचं. फक्त पट्ट्याच्या डाव्या कडीखाली नखाएवढा करडा ठिपका होता. लोहचुंबक लावला, चिकटला. चार कड्यांमधली तीच एक मी घाईत न तपासता लावली होती. ती काढून पितळी बसवली आणि ठिपक्यावर लिंबू फिरवलं.